गुऱ्हाळावरची संध्याकाळ जलरंगात कशी आणू? फोटो समोर आहे, पण तो उजेड येत नाही

शिरोळकरीण

नमस्कार. जलरंगात निसर्गचित्रं करणाऱ्यांना एक विचारायचं आहे. थोडं लांबेल, पण संदर्भ दिल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीपासून जवळ. कृष्णाकाठची काळी रानं, नजर जाईल तिथवर ऊस. मी लहान होते तेव्हा आमचं घरचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की सुरू व्हायचं, ते शिमग्यापर्यंत चालायचं. पुढं ऊस कारखान्याला जायला लागला, घरात वाटण्या झाल्या, गुऱ्हाळ मोडलं. आता चुलवाणाचा, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या चुलीचा, खड्डाही बुजलाय, कडेचं चिंचेचं झाड तेवढं उभं आहे.

वडील गेल्यापासून मनात आहे की त्या गुऱ्हाळावरची संध्याकाळ रंगवायची. वडिलांचं व्यक्तिचित्र नको आहे, गुऱ्हाळाची माहिती देणारं चित्रही नको आहे. मला ती वेळ हवी आहे. दिवस नुकताच बुडालाय, चुलवाणात जाळ आहे, काहिलीवर, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवर, तांबूस वाफ आहे, आणि धूर वर जायचा सोडून उसाच्या शेंड्यांवर आडवा पसरलाय. त्या धुरातून लांबची झाडं दिसतात न दिसतात. सगळं थंड आणि निळं, आणि त्यात एकच ऊबदार जागा.

मी पुण्यात नोकरी करते, जलरंग सुट्टीच्या दिवशीच्या वर्गात शिकले. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, बऱ्यापैकी जमतो. चुलतभावानं शेजारच्या गावात चालू असलेल्या गुऱ्हाळावर जाऊन संध्याकाळी फोनवर फोटो काढून पाठवले. घाणा, काहील, ढेपा, माणसं, सगळं स्वच्छ दिसतं. त्यावरून चित्र केलं की चित्रातही सगळं स्वच्छ दिसतं, आणि संध्याकाळ कुठंच नसते. मग अंधार यावा म्हणून वरून निळा-जांभळा हात फिरवला की कागद मळतो.

फोटो बाजूला ठेवून निव्वळ आठवणीतून असं चित्र करता येतं का? की तपशील चुकतील म्हणून फोटो हवाच? आणि धुराचा रंग नेमका कोणता धरायचा? मला तो कधी निळा आठवतो, कधी मातकट.

ओला कागद

आधी फोटोपुरतं सांगतो. फोनला संध्याकाळ कळत नाही. उजेड कमी झाला की तो सगळा फोटो उजळ करतो, नाइट मोड लागला तर तिन्हीसांजेची दुपार होते. शिवाय ऑटो व्हाइट बॅलन्स असतो, म्हणजे वातावरणात जी निळसर झाक होती ती फोन दोष समजून काढून टाकतो. तुम्हाला हवं आहे नेमकं तेच त्यानं पुसलंय. सावल्यांतले तपशील मात्र वर काढून दिलेत, जे तुमच्या डोळ्याला त्या वेळी दिसलेच नसते.

भाऊ पुन्हा जाणार असेल तर त्याला सांगा की स्क्रीनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर कमी कर आणि नाइट मोड बंद ठेव. जमीन जवळजवळ काळी येईल. ती तशीच येऊ दे.

कागदाचंही विचारून ठेवतो. कोणता वापरता? लाकडी लगद्याच्या पातळ कागदावर तुम्हाला हवा तसा धूर निघणं अवघड आहे. ३०० जीएसएमचा कॉटन कागद घ्या, पाणी धरून ठेवतो. आणि मागच्या पावसाळ्यापासून उघडा पडलेला कागद असेल तर कोपऱ्यावर आधी पाण्याचा थेंब टाकून बघा. दमटपणानं कागदावरची खळ मरते, मग तिथं रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत ओढला जातो. वॉश मळण्यामागं कधीकधी एवढंच असतं.

घाटावरचा मास्तर

ताई, मी कोल्हापुरात एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो, आता निवृत्त आहे. गुऱ्हाळं पंचक्रोशीत भरपूर, त्यामुळं तुमचा विषय डोळ्यासमोर लगेच उभा राहिला. सविस्तर लिहितो.

आठवणीतून करता येतं का, विचारलंत. येतं, आणि या विषयाला तोच रस्ता आहे असं माझं ठाम मत आहे. व्हिसलर या चित्रकाराची रात्रीच्या थेम्स नदीची चित्रं बघा, १८७० च्या दशकातली. अंधारात रंग मिसळता येत नाहीत, म्हणून तो नदीवर जाऊन नुसता बघत उभा राहायचा. मग नदीकडं पाठ करायची आणि सोबतच्या माणसाला तोंडी सांगायचं: आकाश असं, पूल असा, उजळ खिडक्या इथं इथं. तो माणूस नदीकडं बघून ताडून घ्यायचा. चुकलं की पुन्हा बघणं. पाठ झालं की घरी, आणि दुसऱ्या दिवशी पातळ केलेल्या तैलरंगात चित्र. बघताना पाठांतर करायचं आणि रंगवताना ते म्हणायचं. मी पोरांना पंचगंगेच्या घाटावर नेऊन हेच करायला लावायचो. पेन्सिल दप्तरात, तोंड देवळाकडं, पाठ नदीकडं, आणि सांगा आता पाणी उजळ होतं की आकाश. निम्मी पोरं पाणी म्हणायची. वळून बघितलं की आकाश. पाण्यातलं प्रतिबिंब जवळपास नेहमी आकाशापेक्षा किंचित गडद असतं, पण हे पुस्तकातून सांगितलं तर पोरं विसरतात. पाठ वळवून चुकलेलं विसरत नाहीत.

इंग्रज चित्रकार टर्नरचं अजून थोर. ट्वीड नदीवरचा नॉरहॅमचा किल्ला त्यानं १७९७ साली पहिल्यांदा बघितला, वय बावीस. त्याची चित्रं पुढं अनेकदा केली. आणि १८४५ च्या सुमारास, सत्तरीला टेकलेला असताना, सूर्योदयातला तोच किल्ला तैलरंगात पुन्हा काढला. आज ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात किल्ल्याचा एकही दगड दिसत नाही. पिवळ्या उजेडात विरघळलेला एक निळा आकार, खाली उथळ पाण्यात एक तांबूस गाय, बस्स. जवळपास पन्नास वर्षांत तपशील गळून गेले आणि उजेडाचं नातं तेवढं शिल्लक राहिलं. तुमच्या डोक्यातल्या गुऱ्हाळाचंही तेच झालेलं असणार. तपशील चुकतील याची भीती धरू नका. आठवणीनं आधीच निवड करून ठेवलेली आहे, आणि निवड करणं हेच निसर्गचित्रातलं निम्मं काम आहे.

पण आठवणीला नीट प्रश्न विचारावे लागतात, ती आपणहून सांगत नाही. पहिला प्रश्न: तुमची उंची किती होती? हसू नका, फार महत्त्वाचं आहे. तुम्ही सात-आठ वर्षांच्या असाल तर तुमची नजर जमिनीपासून जेमतेम मीटरभर वर. म्हणजे क्षितिजरेषा तेवढ्याच उंचीवर. सपाट रानात तुमच्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा कंबरेपासून वरचा भाग क्षितिजाच्या वर, आकाशावर येणार. काहिलीचा काठ जवळपास डोळ्यांसमोर, आतला रस दिसायचा नाही, नुसती वाफ. भावानं फोटो काढला तो साडेपाच फुटांवरून. त्यात काहिलीच्या आत दिसतं, माणसांची डोकी क्षितिजाला टेकतात, त्यांच्यामागं रान येतं. ते गुऱ्हाळ तुमच्या भावाचं आहे, तुमचं नाही. क्षितिज खाली आणा, वडील आकाशावर उभे राहतील. चेहरा काढायची गरजसुद्धा पडणार नाही.

दुसरा प्रश्न: तोंड कुठल्या दिशेला होतं? दिवस बुडाल्यावर पश्चिमेकडं बघत असाल तर आकाश सगळ्यात उजळ आणि त्यावर सगळं काळपट. पूर्वेकडं बघत असाल तर आकाश गडद, आणि मागून येणाऱ्या शेवटच्या उजेडात वस्तू मऊ दिसणार. ही दोन वेगळी चित्रं आहेत, एका कागदावर मावणार नाहीत.

तिसरा: वाफ तांबूस होती म्हणता. उजेड कुठून येत होता? चुलवाणाचं तोंड खाली, आणि वर काहील झाकण घातल्यासारखी बसलेली. जाळाचा उजेड काहिलीच्या आरपार वर येत नाही. पुष्कळ जण वाफ खालून नारिंगी पेटलेली रंगवतात, ते गुऱ्हाळावर कधी उभे राहिलेले नसतात. तुमची वाफ तांबूस होती तर वर कुठंतरी दिवा असला पाहिजे. आठवा, नाहीतर घरात विचारा.

आता धुराचं. निळाही बरोबर, मातकटही बरोबर, आणि दोन्ही एकाच वेळी. धुराचे कण फार बारीक असतात. मागं काळोखी झाडी असेल तर त्या कणांवरून विखुरलेला उजेड तेवढा आपल्याला दिसतो, आणि विखुरण्यात निळा रंग पुढं, म्हणून धूर निळा. मागं उजळ आकाश असेल तर आपण धुरातून आरपार आलेला उजेड बघतो. त्यातला निळा वाटेत निघून गेलेला, म्हणून धूर मातकट, कधी लालसर. लिओनार्दो दा विंचीनं हे आपल्या टिपणवह्यांत नोंदवून ठेवलेलं आहे, धुराचंच उदाहरण घेऊन. तुमच्या चित्रात उसाच्या शेंड्यांवर आडवा पसरलेला एकच पट्टा खाली उसावर आणि झाडीवर निळा असेल, आणि जिथं तो झाडीच्या वर निघून आकाशावर येईल तिथं मातकट होईल. रंग बदलतो ती जागा साधली तर बघणाऱ्याला धूर आहे हे सांगावं लागत नाही. वाफेचं वेगळं. वाफेचे थेंब कणांपेक्षा पुष्कळ मोठे, ते पांढरेच असतात, आणि जो उजेड पडेल त्याचा रंग घेतात. धूर आणि वाफ एकाच ब्रशनं एकाच राखाडीत काढली की तिथंच संध्याकाळ मरते.

धूर आडवा का पसरतो तेही सांगतो, कारण कारण कळलं की हात चुकत नाही. थंडीत निरभ्र संध्याकाळी जमीन झपाट्यानं निवते, जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची हवा त्या मानानं उबदार राहते. धुराड्यातून निघालेला धूर त्या उबदार थरापाशी थांबतो आणि पसरतो. म्हणून त्याची वरची कड जवळजवळ सरळ असते आणि खालची कड विस्कटलेली. ढगासारखे गोलगोल फुगवटे काढू नका.

शेवटी टोनचं. जाळ आणि अंधार यांच्यातला खऱ्या जगातला फरक कागदावर येऊच शकत नाही. कागदाचा पांढरा हा तुमचा सगळ्यात मोठा उजेड, त्याच्यापलीकडं काही नाही. मग जाळ पेटवायचा तर भोवतालचा काळोख वाढवायला हवा. तुम्ही चित्र पूर्ण करून वरून निळा हात देता, त्यानं उजळ आणि गडद दोन्ही सारखेच खाली जातात, फरक होता तेवढाच राहतो, आणि खालचा रंग उखडून मळतो. अंधार पहिल्या वॉशपासून ठरलेला असावा लागतो. आधी पत्त्याएवढ्या कागदावर तीनच टोनमध्ये चित्र काढा: उजळ, मधला, गडद. आकाश उजळ. धूर आणि लांबची झाडी मधली. ऊस, माणसं, जमीन गडद. जाळ आणि दिवा कोरा कागद. हे तिन्हीत उभं राहिलं नाही तर तीस रंगांतही उभं राहणार नाही.

गोदाकाठ

मास्तर, तुमचं वाचून आनंद झाला, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. मी नाशकात जागेवर बसून चित्रं करते. आठवणीवर माझा एवढा विश्वास नाही, निदान रंगाच्या बाबतीत नाही. आठवण सगळ्या संध्याकाळी जांभळ्या करते. माहेर, वडील, बंद पडलेलं गुऱ्हाळ, एवढी माया एकत्र आली की हात आपोआप गुलाबी-जांभळ्याकडं जातो. शिरोळकरीणताईंनी वरून जांभळा दिला तो त्यातूनच आला असावा. खऱ्या संध्याकाळी हिरवट राखाडी असते, मातीचा तपकिरी असतो, आकाशात निंबूसारखा एक फिका पिवळा असतो, जो कुणालाच आठवत नाही.

इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला ढगांचे कितीतरी अभ्यास केले, आणि अनेकांच्या मागं तारीख, वेळ, वारा कुठला हे लिहून ठेवलं. त्याच्या मोठ्या चित्रांतली आकाशं खरी वाटतात ती त्या सरावामुळं. ताई, तुम्ही थंडीत माहेरी जाल तेव्हा एखाद्या चालू गुऱ्हाळावर दिवस बुडायच्या आधी अर्धा तास जाऊन बसा. चित्र करू नका, फक्त रंगांचे चौकोन लावा. आकाश खाली, आकाश वर, धूर, ऊस, माती. दर दहा मिनिटांनी एक रांग. अर्धा-पाऊण तासात रंग किती बदलतात ते बघून तुम्हीच चकित व्हाल. आणि कुठल्या रांगेपाशी "हीच ती वेळ" असं वाटलं, ते तुम्हाला कळेल. ते मात्र फक्त तुमच्या आठवणीला कळणार, हे मान्य.

शिरोळकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचे प्रश्न घेऊन आईला फोन केला. बराच वेळ बोलत बसलो. वडिलांनंतर आई गुऱ्हाळाबद्दल एवढी बोलली नव्हती.

तर दिवा होता! छपराच्या आढ्याला एक पिवळा बल्ब लोंबत असायचा, काहिलीच्या बरोब्बर वर. गुळव्याला रसाचा रंग बघता यावा म्हणून तो तिथं बांधलेला. वीज गेली की गॅसबत्ती लावायचे, आणि त्या उजेडात वाफ पांढरीफेक दिसायची असं आई म्हणाली. मला तांबूस आठवते म्हणजे माझी संध्याकाळ बल्बची आहे.

मी उभी असायची ती धुराड्याच्या विरुद्ध बाजूला, चिपाडांच्या, म्हणजे रस काढून वाळवलेल्या उसाच्या, ढिगापाशी. चुलवाणाचं तोंड माझ्या डाव्या हाताला, खड्ड्यात. तिथं बसून चिपाडं सारणारा माणूस मला नेहमी वरून दिसायचा, त्याचं डोकं माझ्या पायाच्या पातळीला. बाकी सगळे माझ्यापेक्षा उंच. हे उंचीचं तुम्ही लिहिलंत तेव्हा अंगावर काटा आला, कारण वडील मला आकाशावरच आठवतात. फोटोत ते कधीच सापडले नसते. तोंड पश्चिमेला. समोर ऊस, त्याच्यामागं नदीकडची झाडी.

आणखी एक आठवलं. ऊस घेऊन आलेली बैलगाडी घाण्यापाशी सोडलेली असायची. खिलारी बैल, पांढरेशुभ्र. पण त्या वेळी ते मला निळे दिसायचे. मी लहानपणी चित्रात निळे बैल काढले म्हणून शाळेत ते खोडून पांढरे करायला लावले होते. ते खरंच निळे दिसत होते का?

आणि गोदाकाठताई, जांभळ्याचं तुम्ही म्हणता ते पटलं. जानेवारीत जाणार आहे, रंगांचे चौकोन नक्की करते. कागद ओला कागद यांनी सांगितला तसाच मागवलाय.

घाटावरचा मास्तर

ताई, बैल निळेच होते. तुमचं तेव्हाचं चित्र बरोबर होतं. तुम्ही पश्चिमेकडं बघत होता, म्हणजे बैलांची तुमच्याकडची बाजू पूर्वेला. सूर्य बुडालेला, त्या बाजूवर पडतो तो फक्त माथ्यावरच्या आणि पूर्वेकडच्या निळ्या आकाशाचा उजेड. पांढऱ्या वस्तूला स्वतःचा रंग नसल्यातच जमा, ती आकाशाचाच रंग दाखवते. त्यात उजेड मंदावला की डोळा लाल रंगाला आधी मुकतो आणि निळ्याला शेवटपर्यंत धरून राहतो. विज्ञानात त्याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. शेजारी पिवळा बल्ब आणि जाळ असल्यानं तुमच्या डोळ्याला तो निळा आणखीच निळा वाटला. बैल चित्रात घ्याच. ते आकाशापेक्षा बरेच गडद असतील, हे मात्र ध्यानात असू द्या. खिलारी आहेत म्हणून कोरे सोडलेत तर जाळाशी भांडायला लागतील. जाळाच्या बाजूला असलेल्या बैलाच्या पोटाखाली नारिंगीची एक बारीक कड दिलीत तर दोन उजेड एका जनावरावर भेटतील.

गोदाकाठताईंशी रंगाच्या बाबतीत मी सहमत आहे. चौकोन लावून या. पण ताईंनी ते चौकोन चित्र करताना समोर ठेवू नयेत असं मी म्हणेन. आठवडाभर बघा, मग कपाटात टाका. समोर राहिले तर त्या फोटोची जागा घेतील. आमच्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि तेच तळं पुन्हापुन्हा रंगवत राहिले. रोज बघून रंगवणारा माणूस एका मुक्कामाला पोचतो की समोर तळं असो नसो, हाताला ठाऊक असतं. आपल्याला तेवढं आयुष्य एका जागेला देता येत नाही, पण एका संध्याकाळीचं पाठांतर देता येतं. कोल्हापूरला आलात तर राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जरूर जा. पडद्यावरचा नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण पावडर शेडिंगमध्ये त्यांनी केलेली निसर्गचित्रं बघा. कड कुठं सोडायची आणि कुठं धरायची याचा तो वस्तुपाठ आहे.

आता चित्राला बसताना असं करा. जाळाचं तोंड आणि बल्बभोवतीची वाफ एवढ्या जागा आधी मनाशी पक्क्या करा. मग तेवढ्या जागा टाळून अख्खा कागद ओला करा. आकाशाला खालून रॉ सिएनाचा फिका हात, त्यात किंचित लाइट रेड, आणि वरून कोबाल्ट ब्लू खाली आणा. पिवळा आणि निळा थेट भेटले तर हिरवं होईल, मधे तो लालसर पट्टा राहू द्या. हा वॉश ओला असतानाच लांबची झाडी कोबाल्ट आणि थोड्या लाइट रेडनं टाका, म्हणजे कडा आपोआप पसरतील. ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी हवं, नाहीतर अर्धवट वाळलेल्या वॉशवर दातेरी कडांचे डाग पडतात आणि ते पुसायला गेलं की मळ सुरू. झाडीच्या बुडाशी स्वच्छ ओल्या ब्रशनं रंग उचला, तिथं तुमचा धूर. धूर रंगवायचा नाही, झाडीतून उचलायचा. झाडीच्या वर जिथं तो आकाशावर येतो तिथं मात्र रॉ सिएनात ठिपकाभर बर्न्ट सिएना मिसळून एकदाच पातळ हात द्या.

मग कागद पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला गार लागणार नाही इतका. त्यानंतर ऊस, छप्पर, वडील, चिपाडांचा ढीग हे सगळं अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणात, एका दमात, एकच सलग आकार म्हणून. ऊस तिथं निळ्याकडं झुकवा, जाळाजवळ सिएनाकडं. हे मिश्रण ओलं असताना तुम्हाला भलतंच काळं वाटेल आणि हात मागं घ्यावासा वाटेल. घेऊ नका, जलरंग वाळला की फिका पडतो. वडिलांची आकृती खांद्यापर्यंत आकाशावर ठेवा आणि कंबरेखाली उसात हरवू द्या. कड कुठंतरी हरवलेली असावी.

जाळाला सगळ्यात शेवटी हात लावा. कोऱ्या जागेत आधी स्वच्छ पिवळा, तो ओला असताना काठाला नारिंगी, आणि मधला पांढरा शिल्लक ठेवायचा. चिपाडं सारणाऱ्या माणसाला विसरू नका. तो तुमच्या पायाच्या पातळीला आहे, जाळाच्या समोर, म्हणजे त्याचा चेहरा उजळ आणि पाठ काळी. अख्ख्या चित्रात समोरून उजेड पडलेला तोच एक माणूस आहे.

ओला कागद

मास्तरांच्या क्रमात एक पुरवणी. जानेवारीत शिरोळला कागद पटकन वाळेल, पुण्यात घरी पंख्याखाली त्याहून पटकन. आकाश आणि झाडी एकाच ओल्यात साधायची तर कागद दोन्ही बाजूंनी ओला करून प्लॅस्टिकच्या सपाट फळीवर चिकटवा. पंधरा-वीस मिनिटं आरामात मिळतात. पंखा बंद. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दोन्ही जरा दाणेदार बसणारे रंग आहेत, खरबरीत कागदावर त्यांचे कण खळग्यांत साठतात आणि गडद भागाला आपोआप जीव येतो. म्हणून त्या भागावर दुसरा हात देऊ नका. झाडीतून धूर उचलायला कोबाल्ट चांगला. थॅलो ब्लू वापरलात तर तो कागदात मुरतो, निघत नाही.

शिरोळकरीण

थॅलोच वापरत होते मी! धूर निघत नव्हता तो त्यामुळं. कोबाल्ट आणते. तीन टोनची छोटी चित्रं आज करायला घेतलीत. बैल ठेवले तर उजवी बाजू जड होते आणि वडील मध्यावर येतात. मास्तर, बैल डावीकडं जाळाजवळ नेले तर चालेल? आई म्हणते गाडी उजवीकडंच सुटायची.

घाटावरचा मास्तर

आई म्हणते तिथंच ठेवा. त्यापेक्षा कागद डावीकडं चार बोटं वाढवा, म्हणजे चुलवाणाला जागा मिळेल आणि वडील आपोआप मध्यावरून सरकतील. आडवा लांबट कागद धुराच्या पट्ट्यालाही बरा. छोटी चित्रं झाली की इथं टाका, बघू.